आवाज उतरवणारे रेझिस्टर

1966 साली लंडनच्या आर्बिटर कंपनीनं फझ फेस नावाचं गिटारचं पेडल बाजारात आणलं. धातूची गोल, जड डबी, वर डोळ्यांसारखे दोन नॉब. हा आकार इवर आर्बिटर यांना मायक्रोफोनच्या स्टँडची बैठक पाहून सुचला. आत फक्त दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर. एवढ्या सामग्रीवर जिमी हेंड्रिक्सच्या पायाखालून जे वादळ उठलं, त्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. त्याच डबीतल्या एका 470 ओहमच्या रेझिस्टरकडे मात्र सहसा कुणाचं लक्ष जात नाही.

दुसऱ्या ट्रान्झिस्टरवर तयार होणारा फाटका, गुरगुरता आवाज फार जोरकस असतो. 9 व्होल्टच्या बॅटरीवर तो कित्येक व्होल्टपर्यंत झेपावतो आणि गिटारच्या पिकअपमधून येणारा संकेत त्यापुढे अगदीच किरकोळ ठरतो. तो जोर तसाच अ‍ॅम्पमध्ये सोडला, तर पुढचं सगळं गणित कोलमडतं. म्हणून रचनाकारांनी तिथे 8,200 आणि 470 ओहमचे दोन रेझिस्टर एकामागे एक जोडले आणि त्यांच्या सांध्यातून आवाज बाहेर काढला. त्यामुळे मूळ संकेताचा सुमारे अठरावा भागच, म्हणजे जेमतेम अर्धा व्होल्ट, पुढच्या व्हॉल्यूमच्या पॉटपर्यंत, म्हणजे नॉबखालच्या बदलत्या रेझिस्टरपर्यंत, पोहोचतो. पेडलचा आवाज उतरवण्याची युक्ती कारखान्यातच, पहिल्या दिवसापासून वापरलेली होती.

पेडलचा इतिहास आवाज वाढवण्याचा इतिहास म्हणून सांगितला जातो, आणि ते अर्धंच खरं आहे. सुरुवात नॅशव्हिलमध्ये झाली. मार्टी रॉबिन्स यांचं ‘डोन्ट वरी’ हे गाणं ध्वनिमुद्रित होत असताना मिक्सिंगच्या यंत्रातला एक भाग बिघडला आणि ग्रेडी मार्टिन यांच्या सहा तारांच्या बास गिटारचा आवाज चिरकला. गाणं 1961 मध्ये त्या चिरक्या आवाजासकट गाजलं. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी तोच आवाज ट्रान्झिस्टरवर मुद्दाम काढता येईल असं मंडल रचलं. त्यावरून गिब्सन कंपनीनं 1962 मध्ये मॅस्ट्रो फझ-टोन हे पेडल काढलं. त्यावर अ‍ॅटॅक आणि व्हॉल्यूम असे दोन नॉब होते. आवाज किती फाटावा हे एका नॉबवर आणि किती मोठा यावा हे दुसऱ्यावर. ही वाटणी फार शहाणपणाची होती आणि पुढच्या बहुतेक फझ पेडलांनी ती उचलली. 1965 मध्ये रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’मध्ये हे पेडल वाजलं आणि दुकानांत पडून असलेला माल भराभर संपला.

उलट टोकाचं उदाहरण न्यूयॉर्कमधलं आहे. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचे माइक मॅथ्यूज यांनी बॉब मायर या अभियंत्याकडे स्वर लांबवणारं उपकरण मागितलं होतं. गिटारचा संकेत अशक्त पडतो म्हणून मायर यांनी त्याच्या आधी एक छोटा वर्धक जोडला. मॅथ्यूज यांनी नुसता तोच चालू केला आणि अ‍ॅम्प गर्जला. त्यातून एलपीबी-1 जन्मला: एक ट्रान्झिस्टर, एक नॉब, काम फक्त जोर वाढवण्याचं.

1970 च्या दशकात अशी पेडलं एकामागोमाग एक जोडली जाऊ लागली आणि खरी अडचण तिथे सुरू झाली. प्रत्येक पेडल सुरू-बंद करताना आवाजाची पातळी सारखी राहिली नाही, तर गाण्याचा तोल जातो. शिवाय घरच्या खोलीत वाजवणाऱ्याला नॉब शून्यापासून जरासा सरकवताच पुरेसा आवाज मिळतो. उरलेला सगळा फेरा निरुपयोगी. अशा वेळी फझचा नॉब कमी करून भागत नाही, कारण तिथे आवाजाचा पोतच बदलतो. फाटणं पूर्ण होऊ द्यायचं आणि शेवटच्या टप्प्यावर जोर उतरवायचा, हाच योग्य मार्ग.

दुरुस्ती करणाऱ्यांनी नेमकं तेच केलं. बोर्डाकडून व्हॉल्यूमच्या पॉटकडे जाणारी तार तोडायची आणि मध्ये एक रेझिस्टर डाखायचा. पॉट 100 किलोओहमचा असेल आणि रेझिस्टरही तेवढाच, तर संकेत निम्मा होतो, म्हणजे 6 डेसिबल उतरतो, आणि नॉबचा फेरा पुन्हा उपयोगी पडतो. किंमत थोडी मोजावी लागते: बाहेरचा अवरोध वाढतो आणि लांब केबलवर तार स्वराची धार जरा बोथट होते. फझ फेसच्या बाबतीत तर तोच 470 ओहमचा रेझिस्टर दोन्ही दिशांना बदलला गेला. कुणी तिथे 1,000 ओहमचा बसवून संकेत दुप्पट केला, तर कुणी अशी बदललेली जुनी पेडलं मूळ पातळीवर आणली. क्रेग अँडर्टन यांचं वादकांसाठीच्या इलेक्ट्रॉनिक प्रकल्पांचं पुस्तक 1975 मध्ये आलं. त्यानं अनेक वादकांच्या हातात सोल्डरिंग आयर्न दिलं, ही त्या पुस्तकाची मोठी कामगिरी.

सर्वांत बोलकी कथा एमएक्सआर कंपनीच्या फेज 90 या पेडलची. 1974 मध्ये रॉचेस्टरहून आलेल्या या केशरी डबीवर वेग ठरवणारा एकच नॉब, व्हॉल्यूमचा नाहीच. पुढे 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात कंपनीनं आत 24 किलोओहमचा एक रेझिस्टर वाढवला. त्यातून आवाजाचा काही अंश मागे फिरून पुन्हा मंडलात शिरू लागला, मधले स्वर फुगले, आणि पेडल दाबताच आवाज उसळी मारतो अशी तक्रार वादक करू लागले. उपाय सोपा निघाला: त्या रेझिस्टरचं एक टोक सोडवायचं. उसळी बसते आणि जुन्या आवृत्तीचा मवाळ आवाज परत येतो. हा बदल इतका रुळला की, एमएक्सआरची मालकी डनलॉपकडे गेल्यावर एडी व्हॅन हेलन यांच्या नावानं निघालेल्या फेज 90 मध्ये कंपनीनं त्यासाठी वेगळं बटणच दिलं. ते दाबून वादक मंचावर, सोल्डरशिवाय, एका आवृत्तीतून दुसरीत जातो.