अप्रूव्हलची कुळकथा

हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कसमोर, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या मध्यस्थाशी व्यवहार करणाऱ्या खिडकीसमोर, दिवसभर एकच प्रश्न ऐकू येतो, ‘अप्रूव्हल आलं का?’ पेशंट दाखल झालेला, डॉक्टर तयार, आणि सगळं अडलंय पेशंटला कधीही न पाहिलेल्या माणसाच्या होकारावर. या पूर्वपरवानगीचं मूळ घराणं अमेरिकेतलं. तिथे आरोग्यविमा सुरू झाला तेव्हा मात्र ती नव्हती.

१९२९ साली डॅलसच्या बेलर हॉस्पिटलची बिलं थकत होती. कारभार पाहणारे जस्टिन किंबॉल पूर्वी त्याच शहरातल्या शाळांचे सुपरिंटेंडेंट. थकबाकीदारांच्या यादीत त्यांना शिक्षकांची ओळखीची नावं दिसली. त्यांनी योजना काढली: महिना ५० सेंट भरा, २१ दिवसांपर्यंत हॉस्पिटलचा खर्च आमचा. बंधन होतं ते दिवसांचं. दाखल कुणाला करायचं, हे डॉक्टर ठरवत.

१९६५ साली मेडिकेअर आलं आणि म्हाताऱ्यांच्या आजारपणाचा खर्च सरकारच्या अंगावर पडला. मग कायद्यातच अट आली: पेशंटला इतके दिवस ठेवायची गरज होती का, हे हॉस्पिटलच्या समितीने तपासावं. समितीत डॉक्टर, तपासायचं ते डॉक्टरांचंच काम. आपल्यातल्याच माणसाला कोण टोकणार? खर्च वाढतच गेला. पुढे तपासणी उपचारांच्या आधीवर सरकली आणि हॉस्पिटलबाहेरच्या माणसाच्या हाती गेली.

याचं टोक कॅलिफोर्नियात दिसलं. १९७७ साली रक्तवाहिनीचं ऑपरेशन झालेल्या एका बाईंसाठी डॉक्टरांनी आठ दिवस वाढवून मागितले. गरिबांसाठीच्या ‘मेडी-कॅल’ योजनेच्या सल्लागार डॉक्टरने पेशंटला न पाहताच चार मंजूर केले. त्यांच्या डॉक्टरांनी पुन्हा मागणी केली नाही. बाई घरी गेल्या आणि पुढे त्यांचा पाय कापावा लागला. ज्यूरीने त्यांच्या बाजूने कौल दिला, पण १९८६ साली अपील कोर्टाने तो फिरवला. कोर्टाचं म्हणणं असं, की डिस्चार्ज देणं हे डॉक्टरचं काम. मंजुरी अपुरी वाटली तर त्याने हरकत घ्यायला हवी होती. मात्र रास्त अपील मनमानीने डावललं, तर पैसे देणाऱ्यालाही जबाबदार धरता येईल, असंही त्याच निकालात आहे. निकाल बाईंच्या काय उपयोगाचा? पण नकारानंतर न भांडणं हाही दोष ठरू शकतो, हे त्यातून पुढे आलं.

अपिलाचा कायदा त्याआधीच, १९७४ साली झाला होता. नोकरीतून मिळणाऱ्या योजनांनी नकाराचं कारण लेखी द्यावं आणि फेरविचार करावा, असं त्यात होतं. पण फेरविचार करणारी योजना तीच. आणि कोर्टात जिंकलात तरी मिळणार नाकारलेला लाभ, झालेल्या नुकसानीची भरपाई नाही. म्हणून ९० च्या दशकात एकेका राज्याने बाहेरच्या तटस्थ डॉक्टरकडून तपासणीचा हक्क दिला. इलिनॉयचा असा कायदा २००२ साली सुप्रीम कोर्टात पाच विरुद्ध चार मतांनी, जेमतेम टिकला. देशभर हा हक्क पोचायला २०१० उजाडलं.

आपल्याकडे क्रम उलटा झाला. १९८६ चं मेडिक्लेम म्हणजे आधी खिशातून भरा, मग कागद जोडा. दाद मागायला विमा लोकपाल १९९८ साली आला. टीपीएचे नियम २००१ चे. त्यांच्याबरोबर कॅशलेस रुजलं आणि कॅशलेसबरोबर अप्रूव्हल. २०२४ मध्ये विमा नियामकाने कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात निर्णय आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत अंतिम मंजुरी, अशी मुदत घातली. समितीच्या संमतीशिवाय क्लेम नाकारता येणार नाही, असंही सांगितलं. ही समिती कंपनीचीच, हे विसरू नये.

खरी बाहेरची तपासणी लोकपालाकडे. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची. नकार आला किंवा महिनाभर उत्तरच आलं नाही, तर मुंबई-पुण्याच्या कार्यालयात जायचं. फी नाही, वकील लागत नाही. निवाडा कंपनीवर बंधनकारक, तक्रारदारावर नाही. त्याला ग्राहक आयोगाची वाट मोकळीच राहते.