सह्या झाल्याच नाहीत: पॅक-12 फुटली त्याचा घटनाक्रम

शून्य घटका: शुक्रवार, 4 ऑगस्ट 2023, सकाळी 7. ही अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची वेळ. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेसात वाजले होते. नऊ विद्यापीठांचे अध्यक्ष ऑनलाइन बैठकीला बसणार होते आणि एका करारावर सह्या करणार होते. डिसेंबर 1915 मध्ये पोर्टलंडच्या एका हॉटेलात चार विद्यापीठांनी सुरू केलेली कॉन्फरन्स, म्हणजेच पॅक-12, त्या सह्यांवर टिकून होती. संध्याकाळ होईपर्यंत तिच्यात पुन्हा चारच विद्यापीठं उरली.

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलला (हा चेंडू हातात घेऊन पळण्याचा अमेरिकी फुटबॉल) राष्ट्रीय वेळापत्रक नाही. विद्यापीठं एकत्र येऊन कॉन्फरन्स करतात. कोण कोणाशी खेळेल, सामने कोणत्या वाहिनीला विकायचे, पैसे कसे वाटायचे, हे कॉन्फरन्स ठरवते. सर्वोच्च स्तरावरचा प्ले-ऑफसुद्धा एनसीएए ही कॉलेज खेळांची राष्ट्रीय संस्था भरवत नाही. तो कॉन्फरन्सेसनीच उभा केला आहे. त्यामुळे कॉन्फरन्स फुटली की शेजारी, प्रतिस्पर्धी, प्रवास आणि विजेतेपदाचा रस्ता, सगळंच बदलतं.

मुळाशी जायचं तर 1984 पर्यंत जावं लागतं. तोवर टीव्हीवर कोणाचे किती सामने दिसणार हे एनसीएए ठरवत असे. सर्वोच्च न्यायालयाने 7 विरुद्ध 2 मतांनी ती मक्तेदारी मोडली. विरोधी मत लिहिणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट स्वतः कोलोरॅडो विद्यापीठाचे नावाजलेले फुटबॉलपटू होते. कॉलेजच्या खेळाला निव्वळ धंद्याचे नियम लावू नयेत, असं त्यांचं म्हणणं होतं. ते अल्पमतात गेलं.

23 महिने आधी: 24 ऑगस्ट 2021

टेक्सास आणि ओक्लाहोमा ही बलाढ्य विद्यापीठं बिग 12 ही कॉन्फरन्स सोडून एसईसी या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये जाणार, हे महिन्याभरापूर्वीच उघड झालं होतं. घाबरलेल्या तीन कॉन्फरन्सेसनी, म्हणजे बिग टेन, एसीसी आणि पॅक-12 यांनी, आपली आघाडी जाहीर केली. एकमेकांचे सभासद फोडायचे नाहीत हा तिच्यामागचा समज होता. लेखी करार मात्र झाला नाही. शब्दावर भागवलं गेलं.

दोनच दिवसांनी पॅक-12ने आपण विस्तार करणार नसल्याचं सांगितलं. बिग 12मध्ये मागे राहिलेली आठ विद्यापीठं तेव्हा आसरा शोधत होती. पॅक-12चं सगळ्यात मोठं चुकलं ते इथे, असं मला वाटतं. त्या दिवशी तिच्या हातात बळ होतं आणि समोरची कॉन्फरन्स मोडकळीला आलेली होती. पुढच्या दोन वर्षांत पारडं पूर्ण फिरलं.

13 महिने आधी: 30 जून 2022

लॉस एंजेलिसची दोन विद्यापीठं, यूएससी आणि यूसीएलए, फुटली. यूएससी 1922 पासून आणि यूसीएलए 1928 पासून या कुटुंबात होती. 2024 पासून आपण बिग टेनमध्ये खेळू, असं दोघांनी एकाच दिवशी जाहीर केलं. आघाडीला एक वर्षही झालं नव्हतं. दोन संघांबरोबर लॉस एंजेलिसही गेलं, म्हणजे टीव्हीच्या दृष्टीने देशातली दुसऱ्या क्रमांकाची बाजारपेठ.

यूसीएलए आणि पॅक-12मध्ये मागे राहिलेलं बर्कली ही एकाच सरकारी विद्यापीठाची दोन आवारं. एकाने उठून जावं आणि दुसऱ्याने नुकसान सोसावं, याला विश्वस्तांनी डिसेंबरमध्ये मान्यता दिली. भरपाई म्हणून यूसीएलएने बर्कलीला तीन वर्षं दरसाल 1 कोटी डॉलर द्यावेत, हे 2024 मध्ये ठरलं.

9 महिने आधी: ऑक्टोबर 2022

पॅक-12चा प्रक्षेपण करार 2024 च्या उन्हाळ्यात संपणार होता आणि बिग 12चा त्यानंतर वर्षभराने. तरीही बिग 12चे नवे कमिशनर ब्रेट यॉरमार्क आधी जाऊन ईएसपीएन आणि फॉक्स या वाहिन्यांपुढे बसले आणि करार मिळवून परतले: सहा वर्षं, सुमारे 228 कोटी डॉलर, प्रत्येक विद्यापीठाला वर्षाला सरासरी 3.17 कोटी. पॅक-12लाही ईएसपीएनने विद्यापीठामागे 3 कोटींच्या आसपास देऊ केले होते, पॅक-12च्या अध्यक्षांनी 5 कोटी मागितले आणि बोलणी तिथेच थांबली, असं नंतर वृत्तपत्रांतून आलं. वाहिन्यांची थैली आता जवळपास रिकामी झाली होती, कारण बिग टेनने ऑगस्टमध्येच सात वर्षांसाठी 700 कोटी डॉलरहून अधिक उचलले होते.

14 दिवस आधी: 21 जुलै 2023

लास व्हेगासमध्ये पॅक-12चे कमिशनर जॉर्ज क्लियावकॉफ पत्रकारांपुढे आले. सगळे एकच विचारत होते: करार कुठे आहे? जितकं थांबू तितके पर्याय चांगले होत आहेत, असं त्यांनी सांगितलं. आकडा सांगितला नाही.

8 दिवस आधी: 27 जुलै

कोलोरॅडोच्या विश्वस्तांनी एकमताने बिग 12ची वाट धरली. आता नऊ राहिले.

इथे एक तांत्रिक गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण पुढचा सगळा अनर्थ तिच्यावर बेतलेला आहे. कॉन्फरन्स टिकते ती 'ग्रँट ऑफ राइट्स' या करारावर. विद्यापीठ आपल्या मैदानावरच्या सामन्यांचे प्रक्षेपण हक्क ठरावीक वर्षांसाठी कॉन्फरन्सच्या नावावर करतं. मग ते सोडून गेलं तरी हक्क मागेच राहतात, आणि हक्कांविना येणारा संघ दुसऱ्या कोणाला नको असतो. पॅक-12मध्ये 2024 नंतरचा हा करार अस्तित्वातच नव्हता. पैसे किती मिळणार हे कळल्याशिवाय कोणी सही करेना, आणि सह्या नसल्याने कोणती वाहिनी मोठी बोली लावेना. सहकारी साखर कारखान्याच्या सभासदांनी भाव जाहीर होईपर्यंत ऊस बांधावर अडवून धरावा आणि शेजारच्या कारखान्याची माणसं त्याच बांधावर येऊन जास्त भाव सांगू लागावीत, तशी ही अवस्था होती.

72 तास आधी: मंगळवार, 1 ऑगस्ट

क्लियावकॉफ यांनी अखेर प्रस्ताव मांडला. सामने ॲपलच्या स्ट्रीमिंगवर दिसतील. विद्यापीठाला वर्षाला सुमारे अडीच कोटी डॉलर, आणि वर्गणीदार वाढले तर त्याहून जास्त. पैसा कमी होताच, पण भीती दिसेनासं होण्याची जास्त होती. साध्या टीव्हीवर सामना नसेल तर शाळकरी खेळाडू आपल्याकडे कशाला येईल, असा प्रशिक्षकांचा सवाल होता. तो खोटा नव्हता.

12 तास आधी: गुरुवार, 3 ऑगस्ट, संध्याकाळ

ॲरिझोना विद्यापीठ आणि ॲरिझोना स्टेट यांचं नियामक मंडळ एकच. ते बंद दाराआड बसलं. ॲरिझोनाचं मन बिग 12कडे ओढत होतं. ॲरिझोना स्टेटचे अध्यक्ष मायकल क्रो पॅक-12 टिकवायच्या बाजूचे होते. तिकडे बिग टेनच्या अध्यक्षांनी ओरेगन आणि वॉशिंग्टन यांच्याशी बोलणी पुढे न्यायला परवानगी दिली होती. तरी त्या रात्री झोपताना बहुतेकांना वाटत होतं की निभावलं; सकाळी सह्या होतील.

शून्य: शुक्रवार, 4 ऑगस्ट, सकाळी 7

बैठक सुरू झाली. वॉशिंग्टन आणि ओरेगन यांनी सही करणार नसल्याचं कळवलं. पुढे बोलण्यासारखं काही राहिलं नाही.

दुपार

दोन्ही विद्यापीठांच्या मंडळांनी मंजुरी दिली आणि बिग टेनने त्यांना सामावून घेतलं. पूर्ण वाटा त्यांना मिळाला नाही. बातम्यांनुसार सुरुवातीला वर्षाला सुमारे 3 कोटी डॉलर, म्हणजे जुन्या सभासदांच्या निम्म्याच्या आसपास. म्हणजे 1915 च्या चार संस्थापकांपैकी दोघांनी शंभर वर्षांचं घर सोडलं ते दुसऱ्याच्या घरात अर्ध्या वाट्यावर राहायला.

संध्याकाळ

ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा बिग 12मध्ये गेल्याचं जाहीर झालं. मागे उरले चौघं: स्टॅनफर्ड, बर्कली, ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट.

28 दिवसांनी: 1 सप्टेंबर

स्टॅनफर्ड आणि बर्कलीला एसीसीने घेतलं. अटलांटिक किनाऱ्याच्या नावाची ही कॉन्फरन्स. सात वर्षं सुमारे 30 टक्के वाट्यावर खेळायचं दोघांनी कबूल केलं. फुटबॉलचा संघ विशेष विमानाने आठवड्यातून एकदा जाऊन येतो. व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, सॉकर खेळणाऱ्या मुलामुलींना मात्र तास बुडवून, तीन तासांचा वेळेचा फरक सोसून बॉस्टन आणि मायामी गाठावं लागतं. फुटबॉलच्या पैशासाठी झालेल्या निर्णयाचा भार त्यांनी का वाहायचा? या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर एकाही अध्यक्षाने दिलेलं नाही. बे एरियात, सिॲटलमध्ये, फिनिक्सच्या परिसरात आता पुष्कळ मराठी घरं आहेत. त्यांच्या मुलांनी निवडलेल्या विद्यापीठांचीच ही गोष्ट आहे.

उरले दोन. वॉशिंग्टन स्टेट पुलमनचं, गव्हाच्या टेकड्यांमधल्या लहान गावातलं. ओरेगन स्टेट कॉर्व्हॅलिसचं. तिथे 16 कोटी डॉलरहून अधिक खर्च करून नूतनीकरण केलेलं रेसर स्टेडियम त्याच सप्टेंबरात खुलं झालं. ओरेगन स्टेटच्या तेव्हाच्या अध्यक्ष जयती मूर्ती आयआयटी कानपूरच्या पदवीधर, आणि त्यांची पुढची पदवी वॉशिंग्टन स्टेटची. दोन्ही विद्यापीठांनी मिळून 8 सप्टेंबरला वॉशिंग्टन राज्यातल्या कोलफॅक्सच्या न्यायालयात दावा लावला: जे निघून जात आहेत त्यांना कॉन्फरन्सच्या मालमत्तेवर मत देण्याचा हक्क नाही. नोव्हेंबरमध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि डिसेंबरमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घातला नाही. खटला जिंकला, पण माणसं थांबली नाहीत. ओरेगन स्टेटचे प्रशिक्षक जोनाथन स्मिथ, त्याच विद्यापीठाचे माजी क्वार्टरबॅक (चढाई चालवणारा खेळाडू), बिग टेनमधल्या मिशिगन स्टेटला गेले. वॉशिंग्टन स्टेटचा क्वार्टरबॅक कॅम वॉर्ड मायामीला गेला आणि 2025 मध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेला.

शेवटच्या हंगामात पॅक-12 फार सुंदर खेळली. 1 डिसेंबर 2023 ला लास व्हेगासमध्ये वॉशिंग्टनने ओरेगनला 34-31 असं हरवलं आणि हा संघ थेट राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत गेला. म्हणून ही कॉन्फरन्स खेळ खालावल्याने मेली, हे कोणी सांगू नये.

वेळापत्रकाची मोडतोड 2024 मध्ये डोळ्यांनी दिसली. वॉशिंग्टन आणि वॉशिंग्टन स्टेट यांचा ॲपल कप वर्षानुवर्षं नोव्हेंबरच्या अखेरीस, हंगामाचा कळस म्हणून होत असे. तो 14 सप्टेंबरला झाला. ज्याच्यावर कॉन्फरन्समधलं काही अवलंबून नाही असा सामना होऊन बसला. वॉशिंग्टन स्टेट 24-19 अशी जिंकली. 1894 पासून एकमेकांशी झुंजणारे ओरेगन आणि ओरेगन स्टेट हे तासाभराच्या अंतरावरचे शेजारी त्याच दिवशी भेटले. बिग टेनमध्ये आता 18 विद्यापीठं आहेत, आणि एका हंगामात एक संघ त्यातल्या नऊंशीच खेळतो. एकाच कॉन्फरन्समधल्या दोन संघांनी वर्षभर एकमेकांचं तोंड पाहू नये, याला लीग म्हणणं मला पटत नाही.

प्ले-ऑफचंही तेच. 2024 पासून तो चारऐवजी बारा संघांचा झाला. मूळ आखणीत सहा जागा कॉन्फरन्स विजेत्यांना होत्या. पॅक-12 कोसळल्यावर फेब्रुवारी 2024 मध्ये त्या पाच केल्या. कमी झालेली जागा खुल्या वाट्यात गेली, आणि खुल्या जागा बहुतेक मोठ्यांनाच मिळतात. 1 जानेवारी 2025 ला रोझ बाउलमध्ये ओरेगन आणि ओहायो स्टेट समोरासमोर आले. दुसऱ्या महायुद्धानंतर पॅसाडेनाचा हा सामना म्हणजे पश्चिम किनाऱ्याचा विजेता विरुद्ध बिग टेनचा विजेता, ही रीत होती. या वेळी दोघंही बिग टेनचेच होते, आणि ऑक्टोबरात एकदा भिडलेले होते. तेव्हा ओरेगन 32-31 जिंकलं होतं. आता ओहायो स्टेट 41-21 जिंकलं. 2026 पासून ईएसपीएन प्ले-ऑफसाठी वर्षाला सुमारे 130 कोटी डॉलर देणार आहे. त्यातला निम्म्याहून जास्त वाटा बिग टेन आणि एसईसी या दोघांचा.

व्यावसायिक लीगना सर्व संघांचे टीव्ही हक्क एकत्र विकायची मुभा 1961 च्या कायद्याने दिली आहे. कॉलेजांना ती नाही. ती मिळाली आणि वाटपाचे नियम कायद्यात आले, तर शेजाऱ्याशी खेळणं पुन्हा परवडू लागेल. मला दुसरा उपाय दिसत नाही, आणि विद्यापीठांच्या अध्यक्षांवर हा प्रश्न सोपवून तो सुटणार नाही, हे त्या शुक्रवारी सिद्ध झालं आहे.

पुलमन आणि कॉर्व्हॅलिसने पॅक-12चं नाव सोडलेलं नाही. बॉइझी स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, कोलोरॅडो स्टेट, युटा स्टेट आणि टेक्सास स्टेट यांना घेऊन 1 जुलै 2026 पासून आठ फुटबॉल संघांची नवी पॅक-12 ठरली आहे. तिच्या विजेत्यासाठी प्ले-ऑफमध्ये राखीव जागा नाही.