प्लेस्टेशनवाली सोनी कोणत्या वाटेनं जाणार? मोठा गेम की लहान गेम, समजून घ्या

नागपूरला धरमपेठेत फिरून आलेला पोट्टा घरी येऊन प्लेस्टेशन मागतो, हे आता काटोल-नरखेडकडेही नवं राहिलं नाही. टीव्हीला जोडून खेळायचा हा डबा, म्हणजे कन्सोल. तो जपानच्या सोनी कंपनीचा. पीएस५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला आला तेव्हा किंमत होती ४९,९९० रुपये. त्यावरचा सोनीचा एकेक नवा मोठा गेम ४,९९९ रुपयांपर्यंत जातो. म्हणून पैसे टाकायच्या आधी कंपनी पुढं कसे गेम काढणार हे माहीत असलेलं बरं.

(ऑनलाइन पैसे लावून खेळतात ते वेगळं. त्यावर २०२५ च्या कायद्यानं बंदी आहे. इथं त्याचा संबंध नाही.)

मोठ्या गेमचा खर्च किती? ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’ला सुमारे २२ कोटी डॉलर लागले, असं २०२३ मध्ये अमेरिकेतल्या कोर्टाच्या कागदांतून बाहेर आलं. रुपयांत १,८०० कोटींच्या आसपास! एवढा पैसा अडकला की कंपनी नवं काही करायला भिते, जुन्याचाच पुढचा भाग काढते. आणि बुडालं की मोठंच बुडतं. सोनीचा ‘कॉनकॉर्ड’ २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद करून लोकांचे पैसे परत द्यावे लागले. बनवणारा फायरवॉक स्टुडिओही ऑक्टोबरमध्ये बंद झाला. सगळं वावर एकाच पिकाखाली टाकणाऱ्याला हे सांगायची गरज नाही.

गंमत अशी, की ‘कॉनकॉर्ड’ बंद झाला त्याच दिवशी सोनीचाच ‘ॲस्ट्रो बॉट’ आला. साठ-पासष्ट जणांच्या टीमनं तीनेक वर्षांत केलेला, लहान रोबोचा गेम. डिसेंबरात द गेम अवॉर्ड्समध्ये वर्षाचा सर्वोत्तम गेम तोच ठरला. बनवणारी टीम असोबी मूळची सोनीच्या जपान स्टुडिओतली. असे वेगळे गेम तिथूनच निघायचे. पण २०२१ मध्ये सोनीनं तो स्टुडिओ गुंडाळला, फक्त ही टीम ठेवली.

मग सोनी मोठे गेम सोडेल का? माझ्या मते नाही. डबा विकला जातो तो ‘स्पायडर-मॅन’सारख्या नावांवर. पण मोठ्या दोन गेमच्या मधल्या वर्षांत लोकांना धरून ठेवायला लहान गेमच लागतील.

आपल्या पोरांचा संबंध इथं येतो. १,८०० कोटींचा गेम पुण्या-मुंबईत बनणार नाही, लहान मात्र बनतो आणि बनलाही आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ २०२० मध्ये आला. राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधणाऱ्या मुलीची ही गोष्ट. पदार्पणाच्या गेमसाठी द गेम अवॉर्ड्समध्ये त्याला नामांकन मिळालं. पण तो आधी आला सोनीच्या स्पर्धक निन्टेन्डोच्या कन्सोलवर, प्लेस्टेशनवर नंतर.

सोनीनं २०२३ मध्ये ‘इंडिया हीरो प्रोजेक्ट’ जाहीर केला. निवडलेल्या भारतीय टीमला पैसा, मार्गदर्शन आणि प्लेस्टेशनवर गेम आणायची सोय मिळते. त्यात मुंबईच्या अंडरडॉग्ज स्टुडिओचा ‘मुक्ती’ आहे. विषय माणसांच्या तस्करीचा. पोराला आधी चव पाहायची असेल तर ‘राजी’ कॉम्प्युटरवरही चालतो, त्याला डबा लागत नाही.