'ऑर्नरी' : साधारण माणसाला चिकटलेले विशेषण

हट्टाला पेटलेल्या माणसाला काय म्हणावे, यासाठी कोणत्याही भाषेत शब्दांची टंचाई नसते. मराठीत हट्टी, हेकट, हेकेखोर, आडमुठा, उफराटा असे पाचसहा शब्द तर विचार न करता ओठांवर येतात. शिवाय असा माणूस 'वाकड्यात शिरतो', 'आडवा येतो', 'तिरके बोलतो'. या सगळ्यांत दिशा आहे. चारचौघे ज्या बाजूला तोंड करून उभे आहेत, त्या बाजूला हा पाठ करतो. इंग्रजीतही बहुतेक शब्द याच जातीचे. 'कॉन्ट्ररी'मध्ये लॅटिन 'कॉन्ट्रा' आहे, म्हणजे विरुद्ध. 'पर्व्हर्स' म्हणजे भलतीकडे वळलेला. १६११ च्या इंग्रजी बायबलात वारंवार भेटणारा 'फ्रोवर्ड' हा शब्द 'टोवर्ड'च्या नेमका उलट आहे. स्कॉटलंडमधला 'थ्रॉन' म्हणजे मुळात पिळलेला, पीळ पडलेला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असे म्हणणाऱ्या आपल्याला हा शब्द परका वाटू नये.

या घोळक्यात एक शब्द मात्र बेवारशासारखा उभा आहे. अमेरिकन इंग्रजीतला 'ऑर्नरी'. हेकट, कुणाचे न ऐकणारा, मुद्दाम उलट वागणारा, थोडा खवट, असा त्याचा आजचा अर्थ. खेचर ऑर्नरी असते, म्हातारा शेजारी ऑर्नरी असतो, सुरू व्हायला तयार नसलेले इंजिनही ऑर्नरी असते. त्यात दिशा नाही, पीळ नाही, वळण नाही. कारण हा शब्द म्हणजे दुसरेतिसरे काही नसून 'ऑर्डिनरी' आहे. आपल्या एसटीच्या साध्या गाडीला आपण जे म्हणत आलो, तेच ऑर्डिनरी. साधारण. साधारण या शब्दाचा आडमुठा हा अर्थ व्हावा, ही गोष्ट मला गेली काही वर्षे छळते आहे.

उच्चाराची बाजू सोपी आहे. 'ऑर्डिनरी'तला 'डि'चा स्वर बोलताना गळतो, 'ड' पुढच्या 'न'मध्ये विरतो आणि 'ऑर्नरी' उरते. काही भागांत पहिला 'र'ही जातो आणि नुसते 'ऑनरी' ऐकू येते. लिखाणात हे रूप एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून, साधारण १८१६ पासून सापडते. तेव्हाचा अर्थ हेकट असा नव्हे. सुमार, हलक्या प्रतीचा, कुरूप असा आहे. हेकटपणाचा अर्थ स्थिर व्हायला १८६० च्या आसपासचा काळ उजाडतो. म्हणजे चाळीस-पन्नास वर्षांत हा शब्द मालाच्या प्रतीवरून माणसाच्या स्वभावावर आला.

पण घसरण त्याआधीच सुरू झाली होती, आणि तीही अमेरिकेच्या रानात नव्हे, थेट लंडनमध्ये. डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांचा इंग्रजी कोश १७५५ साली निघाला. त्यात 'ऑर्डिनरी' या विशेषणाचे अर्थ क्रमाने वाचत गेले की जिना उतरल्यासारखे वाटते. आधी नियमित, प्रस्थापित. मग नेहमीचा. मग खालच्या दर्जाचा. आणि त्याखाली, कुरूप. उदाहरण अर्थातच एका बाईचे. हे वाचून आपण जॉन्सनसाहेबांना नावे ठेवण्याआधी आपल्याकडच्या लग्न जमवण्याच्या बैठका आठवाव्यात. 'मुलगी दिसायला साधारण आहे' या वाक्याचा अर्थ कोणत्याही मराठी माणसाला कोश उघडून पाहावा लागत नाही.

मुळात हा शब्द किती उंचावर होता, तेही पाहण्यासारखे आहे. लॅटिन 'ऑर्डो' म्हणजे रांग, ओळ. व्युत्पत्तिकार त्याचा धागा विणकामापर्यंत नेतात : मागावर लावलेल्या धाग्यांची ओळ तो 'ऑर्डो', आणि 'ऑर्डिरी' हे क्रियापद विणायला घेणे या अर्थाचे. त्यावरून व्यवस्था, क्रम, हुकूम. जो अधिकारी स्वतःच्या पदामुळेच, कुणी वेगळी नेमणूक न करता, न्याय करू शकतो तो 'ऑर्डिनरी'. चर्चच्या कायद्यात बिशप हा त्याच्या प्रांताचा 'ऑर्डिनरी' असतो. लंडनच्या न्यूगेट तुरुंगात फाशीच्या कैद्यांना अखेरचा उपदेश करणाऱ्या पाद्र्यालाही हेच पदनाम होते, आणि हे पाद्री कैद्यांच्या कबुलीजबाबांची पत्रके छापून विकत. खाणावळीतले ठरावीक दराचे जेवण म्हणजेही 'ऑर्डिनरी', आणि मग ती खाणावळच 'ऑर्डिनरी'. व्हर्जिनिया आणि मेरीलँड या अमेरिकन वसाहतींत अशा खाणावळींचे दर काउंटीची कोर्टे ठरवून देत. व्हर्जिनियात ऑर्डिनरी नावाचे एक गाव आजही आहे. तिथल्या रहिवाशाने आपला पत्ता सांगताना काय चेहरा करावा, हा त्याचा प्रश्न.

हा शब्द नुसत्या इंग्रजीतच घसरला असे नाही. जर्मनमध्ये 'ऑर्डिनेर' म्हणजे असभ्य. स्पॅनिश 'ऑर्दिनारिओ' आणि पोर्तुगीज 'ऑर्दिनारिउ' यांतही नेहमीचा या अर्थाच्या जोडीला हलका, अशिष्ट असा अर्थ आहे. गोव्यातील पोर्तुगीज जाणणाऱ्या जुन्या पिढीला हे सांगायला नको. सी. एस. लुईस यांनी 'स्टडीज इन वर्ड्स' या १९६० च्या पुस्तकात या प्रकाराकडे बोट दाखवले आहे. समाजातले स्थान सांगणारे शब्द हळूहळू चारित्र्य सांगू लागतात. त्यांचे उदाहरण 'व्हिलन'चे. हा मूळचा जमीनदाराच्या शेतावर राबणारा माणूस. पुढे तो उर्मट झाला, मग दुष्ट, आणि शेवटी आपल्या सिनेमातला खलनायक. 'बूर' हाही शेतकरीच. आपल्याकडे काव्यशास्त्राने 'ग्राम्य' हा दोष ठरवला. त्याचा मूळ अर्थ गावातला, एवढाच. 'कुणबाऊ' हे विशेषण भाषेला लावताना कुणाचे नाव आपण कशासाठी वापरतो आहोत, याचा विचार शिकल्यासवरल्या माणसांनीही फारसा केल्याचे दिसत नाही.

इथपर्यंत सगळ्या भाषा एका वाटेने येतात. गावाकडचा, सामान्य, म्हणून अडाणी. अडाणी म्हणून असभ्य. पण 'ग्राम्य'चा अर्थ मराठीत हट्टी झाला नाही. जर्मन 'ऑर्डिनेर'चाही झाला नाही. ते पुढचे पाऊल एकट्या 'ऑर्नरी'ने टाकले. ते का, हा माझ्या मते या शब्दाच्या इतिहासातला खरा प्रश्न आहे, आणि कोश त्याचे उत्तर देत नाहीत; ते एका अर्थाखाली दुसरा अर्थ मांडून मोकळे होतात.

माझे उत्तर जनावरांच्या बाजारातून येते. खोगीर न घालू देणारा घोडा किंवा जोताला न लागणारे खेचर मालकाच्या दृष्टीने हलका माल असतो. त्याची किंमत कमी, म्हणून तो 'ऑर्डिनरी'. पण किंमत कमी कशामुळे? तो ऐकत नाही म्हणून. विकणारा प्रत सांगतो आणि राबवणारा स्वभाव सांगतो, शब्द मात्र एकच. खेचरांच्या मुलखात, मिसुरीसारख्या प्रदेशात, हे दोन अर्थ एकमेकांत मिसळायला कितीसा वेळ लागणार? हा तर्क आहे, पण त्याला एक साक्षीदार आहे. इंग्रजी 'मीन' हा शब्द. तोही जुन्या इंग्रजीत 'सर्वांचा, सामाईक' या अर्थाचा होता. मग तो खालच्या दर्जाचा झाला, मग क्षुद्र, कंजूष. आणि अमेरिकेत आल्यावर 'मीन' घोडा म्हणजे लाथा झाडणारा, अंगावर येणारा घोडा. सामान्यापासून सुरुवात, मध्ये हलकेपणा, शेवट अनावर स्वभावात, आणि ओझ्याच्या जनावरांवर वापर. एकाच देशात दोन शब्द एकाच उतारावरून एकाच जागी येऊन थांबतात, तेव्हा तो योगायोग मानायला माझे मन तयार होत नाही.

दुसरे कारण लेखणीचे आहे. 'ऑर्नरी' बोलणाऱ्यांनी हा शब्द स्वतः क्वचितच लिहिला. तो लिहिला शिकलेल्यांनी, अशिक्षितांच्या तोंडी घालण्यासाठी. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन विनोदी लेखकांना सीमावर्ती रांगड्या माणसांची बोली हुबेहूब छापण्याचे भारी वेड होते. त्यात 'क्रीचर'चे 'क्रिटर' झाले, 'व्हर्मिन'चे 'व्हार्मिंट', 'कर्स'चे 'कस', 'सॉसी'चे 'सॅसी'. या जोड्या पाहा. प्रत्येक जोडीत पुस्तकी उच्चाराकडे जुना अर्थ राहिला आणि गावठी उच्चाराला वेगळा संसार मांडून दिला गेला. 'कस'पासून तर 'कसेडनेस' हा अट्टल हेकटपणाचा आणखी एक अमेरिकन शब्द निघाला. एकदा स्पेलिंग वेगळे छापले की तो वेगळा शब्द होतो, आणि वेगळ्या शब्दाला अर्थही वेगळा लागतो. 'ऑर्डिनरी' सभ्य माणसाकडे राहिला. 'ऑर्नरी' ज्याच्या तोंडचा, त्याच्याच माथी मारला गेला.

याच 'ऑर्डो'च्या घराण्यात अक्षर गळण्याचे दुसरे उदाहरण आहे आणि ते आपल्या दाराशी आहे. 'ऑर्डिनन्स' म्हणजे हुकूम, आजचा अध्यादेश. बोलता बोलता त्यातला 'इ' गळून 'ऑर्डनन्स' झाले आणि तोफा-दारूगोळा हा अर्थ त्याला मिळाला. अंबरनाथ, भुसावळ, वरणगाव येथील ऑर्डनन्स फॅक्टऱ्या त्याच नावाच्या. इथेही अक्षरच गळले आहे, इथेही दोन स्पेलिंगांचे दोन शब्द झाले आहेत. पण गाळणारे सरकारी तोफखान्याचे लोक होते, म्हणून ते रूप प्रतिष्ठित ठरले आणि फाटकावरच्या पाटीवर गेले. डोंगरातल्या शेतकऱ्याने तेच केले तर तो अडाणी. आपल्या साहेबांच्या दारातला 'अर्दली' हाही 'ऑर्डर्ली'चा, म्हणजे त्याच 'ऑर्डो'चा वंशज. तो बिचारा ना पाटीवर गेला ना शिवीत. स्टुलावर बसून राहिला.

या भेदाचा सर्वांत सुंदर पुरावा मार्क ट्वेन यांच्या 'हकलबेरी फिन'मध्ये आहे. कादंबरी १८८४ च्या अखेरीस इंग्लंडमध्ये आणि १८८५ मध्ये अमेरिकेत निघाली. आरंभी लेखकाने एक छोटी टीप दिली आहे की या पुस्तकात अनेक बोली वापरल्या आहेत, आणि त्यांत पाइक काउंटीच्या बोलीचा उल्लेख करताना तिला 'ऑर्डिनरी' म्हटले आहे. पूर्ण स्पेलिंग, सगळी अक्षरे जागच्या जागी. नंतर हक बोलू लागतो आणि तिसऱ्या प्रकरणात स्वतःबद्दलच म्हणतो 'ऑर्नरी'. एकाच पुस्तकात तोच शब्द लेखकाच्या हातात एक आहे आणि पोराच्या तोंडात दुसरा.

मी मुद्रितशोधनाचे काम करतो. भाषाशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. काही वर्षांपूर्वी या कादंबरीतल्या काही प्रकरणांचा मराठी अनुवाद माझ्याकडे तपासायला आला. अनुवादकाने आजचा कोश पाहून या जागी 'हट्टी' लिहिले होते. आता प्रसंग असा : दोन बायका हकला देवाबद्दल दोन तऱ्हेने सांगतात आणि हक विचार करतो की, विधवाबाईंचा दयाळू देव निवडावा, पण माझ्यासारखा त्याला मिळून त्याचा फायदा तो काय? इथे हक हट्टी असेल तर तो मिजास करतो आहे असे होते. खरे तर हे पोर स्वतःला कवडीमोल समजते आहे. ज्या गावाने त्याला हलका ठरवले, त्याच गावाचा शब्द त्याने निमूटपणे स्वतःला लावून घेतला आहे. एका शब्दाने सगळे प्रकरण फिरते. मी समासात तीन पर्याय लिहिले : 'यःकश्चित', 'फालतू' आणि 'दळभद्री'. पहिला हकच्या तोंडी शोभत नव्हता. अनुवादकाने 'दळभद्री' घेतला. मी असतो तर 'फालतू' घेतला असता, पण अनुवाद त्यांचा होता.

जुना अर्थ तिथेच संपला असे नाही. जॉन जेकब नाइल्स या लोकगीत-संग्राहकाला १९३३ साली नॉर्थ कॅरोलायनातल्या मर्फी या डोंगरी गावात एका मुलीकडून गाण्याचा एक तुकडा मिळाला. त्यावरून त्याने 'आय वंडर अ‍ॅज आय वॉन्डर' हे गीत रचले. नाताळात ते आज जगभर गायले जाते. त्यात येशू ज्यांच्यासाठी आला त्या गरीब माणसांना हेच विशेषण आहे. त्यांना हेकट म्हणायचे नाही. तुमच्याआमच्यासारखी सामान्य, असे म्हणायचे आहे. गाणारे बहुतेक जण मात्र आजच्या अर्थाने समजून गातात आणि त्यांचेही काही अडत नाही. पापी माणूस हट्टी असतोच.

आणखी एक अर्थ अमेरिकेच्या मध्य भागात, ओहायो-इंडियानाच्या बाजूला रुजला. तिथे 'ऑनरी' म्हणजे खोडकर, आणि तो बहुधा पोराला लावतात, तोही कौतुकाने. विस्कॉन्सिन विद्यापीठात फ्रेडरिक कॅसिडी यांनी अमेरिकन बोलींचा जो मोठा कोश सिद्ध केला, त्यासाठी १९६५ ते १९७० या काळात क्षेत्र-कार्यकर्ते गाड्या घेऊन १००२ वस्त्यांतून फिरले आणि लोकांना समोर बसवून त्यांनी शब्द विचारले. 'आय' ते 'ओ' या अक्षरांचा त्याचा तिसरा खंड १९९६ साली आला. गावातल्या माणसाचा उच्चार विनोदासाठी टिपण्याऐवजी तो कुठे, कोण आणि कसा बोलतो हे त्याच्याच तोंडून नोंदवून घेण्याचे काम एवढ्या प्रमाणावर अमेरिकेत तेव्हा प्रथम झाले. जॉन्सनच्या कोशानंतर दोनशे वर्षांनी 'ऑर्नरी' बोलणाऱ्या माणसाला कुणीतरी जाऊन विचारले की, बाबा रे, तुला यातून काय म्हणायचे असते?