फळ्यांची दुकाने

तळवलीला पेठ अशी कधी नव्हती. भाताची खाचरे, खाडी आणि मिठागरे एवढ्यावर ठाणे-बेलापूर पट्ट्यातील गावांचा संसार चाले. लग्नाचा बस्ता बांधावयाचा, नांगराचा फाळ आणावयाचा, वर्षाची मिरची भरावयाची, म्हणजे गाव सोडून जावे लागे. कोणी उत्तरेला ठाण्याचा बाजार गाठी, कोणी दक्षिणेला पनवेलचा. आता तळवलीच्या भोवताली दुकानाला दुकान लागले आहे. प्रत्येक इमारतीच्या तळमजल्यावर ओळीने गाळे आणि गाळ्यांना ओळीने लोखंडी शटर. एवढी दुकाने असूनही या वस्तीला 'पेठ' म्हणावयास जीभ वळत नाही. असे का, हे समजून घ्यावयाचे असेल तर ठाणे-बेलापूर रस्त्याचे दक्षिण टोक ओलांडून जुन्या पनवेलात जावे. उरण नाका, मिरची गल्ली, कापड बाजार, टपाल नाका ही नावे तेथे अजून लोकांच्या तोंडी आहेत, आणि नावांच्या आधाराने काही दुकानेही उभी आहेत.

पनवेल हे खाडीच्या तोंडावरचे बंदर. घाटावरचा माल बोरघाटाने उतरावयाचा, पनवेलला येऊन गलबतांत चढावयाचा आणि भरतीबरोबर मुंबईस जावयाचा, हा त्याचा जुना क्रम. घाटातून पूर्वी माल येई तो लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून. १८३० साली गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला आणि बैलाच्या पाठीवरचे ओझे चाकांवर आले. पाठीवरचा माल वाटेत कोठेही उतरवता येतो. गाड्यांच्या रांगेला मात्र थांबावयास रुंद रस्ता लागतो, बैलांना पाणी लागते, मालाला वखार लागते आणि गाडीवानाला उधारीने देणारा दुकानदार लागतो. इंग्रजी अमदानीतील गॅझेटिअरात पनवेलच्या गाडीच्या चाकांचा मोठा बोलबाला आहे. दख्खनचा गाडीवान येथून परत जाताना चाकांची जोडी घेऊन जाई. १८५२ साली येथे नगरपालिका स्थापन झाली, म्हणजे मुंबई-ठाणे आगगाडी धावली त्याच्या एक वर्ष आधी. हा मान पनवेलकर अभिमानाने सांगतात आणि तो त्यांनी सांगावाच.

आता दुकान पाहू. रस्त्याकडे तोंड अरुंद, मागे लांबच लांब पसरलेले. दोन्ही अंगांच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक, म्हणून खिडकीला जागा फक्त पुढे आणि मागे. सर्वांत पुढे उंच जोते आणि त्यावर ओटा. त्यामागे दुकानाची बैठक, तिच्या मागे अंधारी कोठी, मग चौक, विहीर, आणि अगदी मागे वखार. वर माडी, तिच्यावर घरची माणसे राहणार किंवा माल राहणार, दिवस कसे आहेत त्याप्रमाणे. छप्पर उतरते, कारण कोकणचा पाऊस. पूर्वी त्यावर नळीची कौले असत. १८६५ साली बासेल मिशनने मंगळुरास कारखाना काढला आणि पुढे ती चपटी मंगलोरी कौले गलबतांतून कोकणच्या बंदरोबंदरी पोहोचली. घराचे माप फुटांनी सांगत नसत, खणांनी सांगत. तुळईपासून तुळईपर्यंतचे अंतर तो खण. खांबापासून खांबापर्यंतचे अंतर तो गाळा. आज सिमेंटच्या पेटीला आपण 'गाळा' म्हणतो तो शब्द या खांबांमधून आलेला आहे. खांब गेले, शब्द तेवढा राहिला.

अशा दुकानाला दार नसते. उजेड केवळ पुढून येणार, तेव्हा पुढची सारी बाजूच उघडी पाहिजे. म्हणून उंबरठ्यात एक लांब खाच आणि वरच्या आडव्या लाकडात तशीच दुसरी. त्या दोन खाचांमध्ये उभ्या फळ्या एकामागून एक सरकवावयाच्या, शेवटच्या फळीला कडी घालावयाची आणि आतून अडसर. प्रत्येक फळीचा क्रम ठरलेला, कारण लाकूड पावसाळ्यात फुगते आणि चौथी फळी पाचवीच्या जागी बसत नाही. त्यासाठी फळ्यांवर आकडे कोरीत. सकाळी फळ्या काढून आत एका कोपऱ्यात रचल्या की दुकान 'उघडले'. इटलीतील पाँपेई हे नगर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले; तेथल्या दुकानांच्या दगडी उंबरठ्यांतही हीच लांब खाच आहे आणि एका टोकाला शेवटच्या फळीच्या दारासाठी खळगा आहे. पाँपेईच्या सुताराने पनवेलच्या सुताराला काही शिकवले असेल असे म्हणण्याचे कारण नाही. अरुंद तोंडाच्या दुकानाला उजेड हवा आणि रात्री चोर नको, एवढी एकच अडचण दोघांपुढे होती.

ओट्याची उंची मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते. ती ठेवण्याचे पहिले कारण पाणी. उधाणाची भरती आणि आषाढाचा पाऊस एकदम आला की रस्ता ओढ्यासारखा वाहणार. परंतु त्या उंचीमुळे आणखी एक गोष्ट साधे. दुकानदार गादीवर तक्क्याला टेकून बसलेला, गिऱ्हाईक खाली रस्त्यावर उभे, आणि तरीही दोघांची दृष्टी जवळजवळ सरळ रेषेत. गिऱ्हाईक ओळखीचे असेल तर ते ओट्याच्या कडेवर टेकते, मग बाजारभाव, पाऊसपाणी, सोयरिकी अशा गोष्टी निघतात आणि अखेरीस खातेवही उघडते. उधारीचा व्यवहार उभ्याने होत नाही. ज्याला बसावयास जागा दिली त्यालाच उधार दिले, असा तो अलिखित नियम होता.

आणि ज्याला बसावयास जागा दिली नाही त्याचे काय? जुन्या पेठेचे कौतुक करणारे लेखक येथे नेमके गप्प बसतात. त्याच ओट्याखाली अस्पृश्य गिऱ्हाईक उभे राही, पैसे खाली ठेवी आणि माल त्याच्या पदरात वरून टाकला जाई. जोत्याच्या दोन पायऱ्या कोणी चढावयाच्या हे गावाने ठरवलेले होते. पनवेल ज्या कुलाबा जिल्ह्यात होते त्याच जिल्ह्यातील महाडास २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले ते पाण्यासाठीच केवळ नव्हते. तेव्हा हे ओटे जपावे असे मी म्हणतो ते त्यांच्या सौंदर्यासाठी म्हणत नाही. मुलांना अस्पृश्यता पुस्तकातून शिकवता येते. पण या पायरीपाशी उभे करून ती दाखवली म्हणजे वर्गातले प्रश्न बदलतात.

पेठेत माणसेही एका जातीची नव्हती. मराठी वाणी, गुजराती, मारवाडी, बोहरी, कोकणी मुसलमान, आणि बेने इस्राएल. कोकणच्या खेड्यांत या बेने इस्राएलांना 'शनिवार तेली' म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद. त्यांचे बेथ-एल प्रार्थनामंदिर पनवेलात १८४९ पासून आहे. मालकाच्या देवाचा कोनाडा बदले, फळ्यांची खाच बदलत नसे.

मग ही पेठ टिकली कशी? याचे उत्तर जरा कडू आहे. १८५३ साली आगगाडी ठाण्याला गेली, १८५४ साली कल्याणला, १८५६ साली खोपोलीपर्यंत. १८६३ साली बोरघाटाची चढण चढून तिने मुंबई व पुणे एका रुळाने जोडले. या सगळ्या मार्गात पनवेल नव्हते. पुण्याचा माल पनवेलच्या बंदरात उतरावयाचे कारण संपले. १८७२ मध्ये धूतपापेश्वरांचा औषधी कारखाना येथे निघाला आणि गावाला नाव मिळाले, तरी वखारी पूर्वीसारख्या भरल्या नाहीत. मोटारी आल्या तेव्हा पुणे रस्त्यावरचे पनवेल पुन्हा रस्त्यात आले, पण मोटार थांबे ती चहापुरती. व्यापाऱ्याजवळ दुकान पाडून नवे बांधण्याइतका पैसा उरला नाही, म्हणून जुने उभे राहिले. पेठ राखली ती मंदीने.

आता पैसा परत आला आहे. १९७० साली सिडको आली, २००२ साली द्रुतगती मार्ग पुरा झाला, २०१६ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी शेजारच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. दुकानाच्या जागेला आता असा भाव येतो की त्यापुढे वरच्या लाकडाला भाव राहत नाही. त्यात भाडे नियंत्रणाची गुंतागुंत. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने १९४० सालचे भाडे गोठवले. युद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूला तो मोठा आधार होता. पुढे मात्र मालक म्हणू लागला, 'एवढ्या भाड्यात कौले कोण बदलणार?' आणि भाडेकरू म्हणू लागला, 'दुसऱ्याच्या घराला मी पैसा का घालू?' दोघांचेही म्हणणे खोटे नाही. मुंबई बेटावरच्या जुन्या चाळींसाठी १९६९ साली दुरुस्ती मंडळ तरी निघाले. लहान गावांच्या पेठांना तेही नाही.

पुराणवस्तूंचे कायदे आहेत, परंतु त्यांची नजर किल्ल्यांवर, लेण्यांवर आणि देवळांवर. शिरढोण पनवेलपासून फार दूर नाही. वासुदेव बळवंत फडके तेथे जन्मले, म्हणून त्यांच्या वाड्याचे स्मारक झाले आणि ते योग्यच झाले. ज्या दुकानात कोणी जन्मला नाही, केवळ शंभर वर्षे तांदूळ मोजला गेला, त्याच्यासाठी अर्ज कोण करणार? आणि दुकानदाराला 'तू हे जप' असे नुसते सांगणे हा अन्याय आहे. त्याच्या मुलाला वातानुकूलित दालन हवे आहे, आणि त्यात वावगे काहीही नाही.

पण पाडण्यापूर्वी मोजून ठेवण्यास पैसा लागत नाही. गावोगावी शाळा आहेत, शाळांत भूगोलाचे तास आहेत, मुलांच्या दप्तरांत पट्ट्या आहेत. एका दुकानाचे खण मोजावे, ओट्याची उंची मोजावी, फळ्यांवरचे आकडे टिपावे, माडीवर काय ठेवीत ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारावे, आणि ती वही शाळेच्या कपाटात राहू द्यावी. पाडकाम सुरू झाले की प्रथम कौले उतरतात, मग तुळया निघतात. कोरीव खांब टेम्पोत पडतात आणि जोगेश्वरीच्या जुन्या सामानाच्या बाजारात उभे राहतात. तेथे ते कोणत्या गावच्या कोणत्या पेठेतले हे विचारणाराही नसतो. फळ्या जळाऊ लाकडाच्या भावाने जातात. उंबरठा तेवढा जड, म्हणून तो शेवटी उचलतात. मोजणीला उशीर झालाच असेल तर त्याच्यापासून सुरुवात करावी. खाचेची लांबी घेतली की दुकानाचे तोंड किती रुंद होते ते कळते.