ओढ कुणाची? स्नायूची की शिरेची?

खेळाच्या तासाला मुले पाय पसरून बसतात, वाकून अंगठे धरतात. कुणाच्या तरी गुडघ्यामागे ओढ बसते. हिंगोली, वसमत, कळमनुरी, कुठल्याही गावच्या मैदानावर यालाच 'शीर आखडली' म्हणतात. आपण शिक्षक मात्र 'स्नायू आखडलाय, अजून वाक' असे सांगतो. बरोबर कोण?

हा वाद जुना आहे. उताण्या झोपलेल्या रुग्णाचा पाय गुडघ्यात न वाकवता उचलला, तर कंबरेतून पायात जाणारी कळ वाढते. याचे कारण मज्जातंतू ताणला जाणे, असे बेलग्रेडचे डॉक्टर लाझा लाझारेविच यांनी १८८० साली लिहिले. हे गृहस्थ सर्बियाचे नावाजलेले कथालेखकही होते. १८८१ मध्ये पॅरिसमध्ये लासेग यांचे विद्यार्थी फोर्स्ट यांनी हीच चाचणी मांडली. पण त्यांच्या मते मांडीमागचे स्नायू मज्जातंतूला दाबत होते. चाचणीला नाव लासेग यांचे मिळाले, स्पष्टीकरण मात्र लाझारेविच यांचे टिकले.

१९७९ साली ऑस्ट्रेलियातील भौतिकोपचारतज्ज्ञ जेफ्री मेटलंड यांनी बसून करायची चाचणी वर्णन केली. आपणही ती हलकेच करून पाहू. टेबलाच्या कडेला पोक काढून बसायचे, हनुवटी छातीकडे न्यायची आणि ओढ जाणवेपर्यंत एक गुडघा सरळ करायचा. आता पाय, कंबर, पाठ न हलवता फक्त मान वर करायची. बऱ्याच जणांची ओढ कमी होते.

असे का व्हावे? मांडीमागचे स्नायू बैठकीच्या हाडापासून गुडघ्याखाली जातात. मानेशी त्यांचा संबंध नाही. मेंदू, मज्जारज्जू आणि पायातले मज्जातंतू मात्र सलग आहेत. १९९७ साली ल्यू आणि ब्रिग्ज यांनी निरोगी व्यक्तींमध्ये हेच तपासले. मान हलवल्यावर मांडीमागचे दुखणे बदलले, पण तिथल्या स्नायूंचा ताण बदलला नाही.

म्हणजे निरोगी खेळाडूलाही अशी ओढ जाणवते. तो आजार नव्हे. पण ती दरवेळी स्नायूचीच असते, असेही नाही. शिवाय ताण असह्य होऊ लागला की स्नायू आपणहून आवळतात. हे शरीराचे संरक्षण आहे, मुलाचा आळस नव्हे.

म्हणून वाकलेल्या मुलाची पाठ दाबू नये. ओढ कुठे आहे ते विचारावे, मान उचलायला सांगून पाहावे. मुंग्या, बधिरपणा किंवा कंबरेतून पायात उतरणारी कळ असेल, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांकडे पाठवावे. 'शीर' हा मुलांचा शब्द शास्त्रीय नसेल, पण त्यांची तक्रार ऐकण्याजोगी आहे.