उष्टी सुई, उष्टी नळी

उष्टे कशाला म्हणावे, हे आपल्या घरातल्या पाच वर्षांच्या पोरालाही शिकवावे लागत नाही. त्याच्या पेल्याला धाकट्या भावाने तोंड लावले की तो घर डोक्यावर घेतो. पण डॉक्टरांच्या हत्यारांना हा शब्द लावायला शास्त्राला फार काळ लागला, आणि त्या विलंबाची किंमत रोग्यांनी मोजली.

जर्मनीतल्या ब्रेमेन शहरी १८८३ साली जहाजांच्या कारखान्यातल्या १२८९ कामगारांना देवीची लस टोचण्यात आली. ही लस गाईच्या नव्हे, टोचलेल्या माणसांच्याच फोडांतून काढलेली होती. पुढच्या काही महिन्यांत त्यांतल्या १९१ जणांना कावीळ झाली. ल्यूरमन नावाचे डॉक्टर चौकशीला बसले. ती लस न टोचलेले कामगार त्याच कारखान्यात राबत होते, आणि ते ठणठणीत होते! विषाणू म्हणून काही असते हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. तरी या गृहस्थांनी बोट ठेवले ते नेमके टोचण्यावर. हाताशी साधन नसताना केवळ नीट विचार करून सत्याच्या इतके जवळ जाता येते, याचे मला आजही नवल वाटते.

ब्रेमेनमध्ये दोष लशीत होता. हत्याराचा दोष उघडकीला आला तो स्वीडनमधल्या लुंड गावी. १९२२ साली मधुमेहाच्या रोग्याला इन्शुलिन प्रथम देण्यात आले आणि मरणाच्या दारातली माणसे परतू लागली. मात्र इन्शुलिन घ्यायचे तर रक्तातली साखर वरचेवर पाहायला हवी, आणि त्यासाठी दर वेळी टोचून थेंबभर रक्त काढायला हवे. लुंडच्या दवाखान्यात स्प्रिंगची एक टोचणी असे. तीच टोचणी या रोग्याकडून त्या रोग्याकडे जाई. मधुमेहाच्या रोग्यांत कावीळ पसरली, तेव्हा तिथल्या तिघा डॉक्टरांनी माग काढला आणि १९२६ साली लिहून टाकले की ही टोचणी नीट निर्जंतुक होत नव्हती. ज्या औषधाने प्राण वाचवले, त्याच्याच तपासणीने कावीळ दिली.

टोचणी दिसायला स्वच्छच असणार. मुले पाटी थुंकीने पुसतात आणि अक्षरे गेली म्हणजे पाटी साफ झाली असे समजतात. शिक्षकाच्या जन्मात हे मी हजारदा पाहिले आहे. रक्ताचेही तसेच. डोळ्याला न दिसणाऱ्या लेशातही ‘ब’ काविळीचा विषाणू असू शकतो, आणि वाळलेल्या रक्तात तो सात दिवस तग धरतो.

आपल्याकडे जुन्या दवाखान्यांत स्टोव्हवरच्या भांड्यात काचेच्या पिचकाऱ्या खदखदत असत. कंपाउंडरला ओट्यावरची रांग दिसत असे, आणि पाण्याला मात्र घाई नसे. पुढे एकदाच वापरून फेकायच्या सुया आल्या. तरी २००९ साली गुजरातेत मोडासा भागात वापरलेल्याच सुया पुन्हा टोचल्या गेल्या आणि कित्येक माणसे काविळीने दगावली. तिथे अज्ञान नव्हते, लोभ होता. त्यावर अधिक काय लिहायचे!

खरा पेच पडला तो जी फेकताही येत नाहीत आणि उकळताही येत नाहीत अशा हत्यारांचा. १९५७ साली अमेरिकेत हिर्शोविट्झ यांनी काचेच्या केसासारख्या तंतूंची लवचीक नळी करून पोटात डोकावून पाहिले. पुढे सोनोग्राफीचे प्रोब आले. त्यांच्या आतले स्फटिक आणि ते चिकटवणारा डिंक उकळत्या पाण्यात टिकत नाहीत. मग ग्लुटराल्डिहाइडसारख्या उग्र वासाच्या द्रावणात हत्यार बुडवून ठेवण्याची रीत पडली. फिलाडेल्फियाचे स्पॉल्डिंग यांनी सगळ्या हत्यारांची प्रतवारी लावली. ती १९६८ साली सविस्तर छापून आली आणि आजही चालते. जे हत्यार रक्तामांसात शिरते त्यावर एकही जंतू उरता कामा नये. तोंडाच्या वा योनीच्या ओल्या त्वचेला लागते त्याला कडक द्रावण हवे. कोरड्या, धडधाकट कातडीला लागते त्याला साधी सफाई पुरे. साध्या गृहिणीलाही पटावी अशी ही विभागणी आहे. सोवळ्याच्या तीन पायऱ्याच म्हणा ना!

पण पायरी चुकते. हृदय पाहण्यासाठी अन्ननलिकेत उतरवायचा एक प्रोब असतो. तो दोन रोग्यांच्या मध्ये नीट निर्जंतुक न झाल्याने एका रोग्याला ‘ब’ कावीळ होऊन तो दगावला असावा, असा इशारा ब्रिटनच्या सरकारी खात्याने २०१२ साली सगळ्या इस्पितळांना दिला. स्त्रियांच्या तपासणीतल्या प्रोबवर रबरी आवरण चढवतात, पण ते फाटते. म्हणून आवरण असले तरी प्रोब निर्जंतुक करावाच लागतो.

त्यात २०१४ साली पेनसिल्व्हेनियातल्या प्रयोगांत दिसले की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण होणारा पॅपिलोमा विषाणू ग्लुटराल्डिहाइडला दाद देत नाही. २०२१ साली दुसऱ्या संशोधकांना त्याच जातीचे एक द्रावण या विषाणूवर गुणकारी आढळले. पंडितांचे हे भांडण चालू असताना इस्पितळांतून हायड्रोजन पेरॉक्साइडच्या धुक्याची यंत्रे आली. प्रोब आधी पुसून कोरडा करायचा, मग पेटीत टांगून दार लावायचे. सात मिनिटे लागतात. बाहेर बाकावर पुढची बाई पोटभर पाणी पिऊन बसलेली असते, आणि आपला नंबर अजून कसा लागत नाही म्हणून दर मिनिटाला दाराकडे पाहत असते.